लालबागची खोली, बदलापूरचा फ्लॅट

(दृश्य : बदलापूर स्टेशन, पहाट)

पाच वाजायला अजून काही मिनिटं आहेत. बदलापूर. इथून सीएसएमटी 68 किलोमीटर. फलाटावर लोक कसे उभेत बघा, मोबाईल खिशात, नजर रुळांवर, कारण डब्याचा दरवाजा नेमका कुठे येतो ते प्रत्येकाला पाठ आहे आणि तीन पावलं इकडेतिकडे झाली की पुढचा दीड तास उभ्यानं. निळी बॅग छातीशी धरलेले जे दादा दिसतायत, त्यांच्यासोबत आपण आज दिवसभर असणार आहोत. लोअर परळला एका ऑफिसात ते सुपरवायझर आहेत. ते ऑफिस ज्या आवारात उभंय तिथे पूर्वी कापडगिरणी होती, आणि त्यांचे आजोबा तिथे सांचा, म्हणजे माग, चालवायचे.

गाडी आली. हा शॉट आम्ही चार वेळा घ्यायचा प्रयत्न केला, चारही वेळा गर्दीने कॅमेऱ्यासकट आत ढकललं.

(दृश्य : लालबाग, चाळीचा जिना, गॅलरी)

आता लालबाग. ही दादांची चाळ. दुसरा मजला, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. दहा बाय बाराची खोली, पुढे गॅलरी, टोकाला चार संडास आणि पूर्ण मजल्याचा एक नळ. या खोलीत एका वेळी अकरा माणसं राहिलीत, त्यातले चार गाववाले, पाळीप्रमाणे झोपणारे. फर्स्ट पाळीवाला उठून गेला की त्याच अंथरुणावर थर्ड पाळीवाला येऊन पडायचा.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि संप कधी संपला ते आजही कुणी तारखेनिशी सांगत नाही कारण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबांचा पगार बंद झाला, खोली मात्र राहिली. खोली राहिली कारण 1947 च्या भाडे कायद्याने भाडं गोठवलं होतं, पागडी, म्हणजे खोली घेताना एकरकमी पैसे, दिलेला भाडेकरू सहजासहजी निघत नव्हता. या घरात शेवटपर्यंत भाडं महिन्याला दोनशेच्या आत होतं, पावत्यांचा हा गठ्ठा दादांनी अजून जपून ठेवलाय, शाई उडालीय पण घरमालकाची सही दिसते.

मग ही खोली गेली कशी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण लालबाग, परळ, गिरगाव, शिवडी सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच झालंय.

बांधकामाच्या नियमावलीत 33(7) म्हणून एक कलम आहे, जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींसाठी. बिल्डर चाळ पाडणार, राहत्या भाडेकरूंना किमान 300 चौरस फुटांचं घर फुकट देणार, आणि बदल्यात मिळालेल्या वाढीव एफएसआयमधून, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीतून, वर विक्रीचे मजले चढवणार. कागदावर यात वाईट काही नाही, दहा बाय बारातल्या माणसाला स्वतःचा संडास असलेलं घर मिळतं, कुणाला नको असेल? पण आधी संमतीपत्रं गोळा व्हायला वर्षं जातात, मग एक बिल्डर सोडून जातो, दुसरा येतो, त्यात मालकाची कोर्टात केस, मग ट्रान्झिट, म्हणजे नवं घर होईपर्यंतची तात्पुरती जागा. आणि खोली तीन भावांची. 300 फुटांत तीन संसार मावत नाहीत. त्यामुळे चाळ पडायची वाटही न बघता, कुणीतरी पागडी हस्तांतराचा आकडा सांगतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा रिवाजाने घरमालक घेतो, उरलेले पैसे तीन भावांत वाटले जातात. त्या पैशात मुंबईत काहीच येत नाही, बदलापूर, नालासोपारा, नेरळ इथे मात्र डाऊन पेमेंट होतं. दादा बदलापूरला आले, मधला भाऊ नालासोपाऱ्याला, आणि मोठे कणकवलीला गावी गेले. गणपतीत तिघं लालबागला भेटतात, मंडपाच्या मागच्या बाजूला.

बीडीडी चाळींचं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळींचं, चित्र वेगळंय हे सांगायला हवं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, 160 चौरस फुटांची खोली आणि बदल्यात 500 फुटांचं घर, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या सुद्धा. तिथे काम म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने केलं. खासगी पुनर्विकासात अडकलेल्या चाळकऱ्याला ते दृश्य बघून काय वाटतं, ते गॅलरीत बसलेल्या या आजींच्या चेहऱ्यावर बघा.

(दृश्य : उंचावरून, जुन्या कौलांमागे टॉवर)

2001 ची जनगणना घ्या आणि 2011 ची घ्या. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं बेट, त्याची लोकसंख्या 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आली. एवढे टॉवर उभे राहत असताना माणसं कमी झाली! आणि त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला, देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा झाला. कुळगाव-बदलापूर 98 हजारांच्या आसपास होतं ते 1 लाख 74 हजारांवर पोचलं. हे आकडेही आता जुने झालेत, पुढची जनगणना लांबली, पण स्टेशनवर उभं राहिलं की वाढ मोजायला जनगणनेची गरज पडत नाही.

(दृश्य : बदलापूर पूर्व, टॉवर, हॉलमधलं टेबल, वही)

हा दादांचा फ्लॅट. वन बीएचके, सातवा मजला, खिडकीतून डोंगर दिसतो आणि पावसात खरंच सुंदर दिसतो. फ्लॅट वहिनींच्या नावावर, कारण महिलेच्या नावावर घेतलं की स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे. टेबलावर ही वही. वहिनी रोज रात्री हिशोब लिहितात आणि आम्हाला त्यांनी ती उघडून दाखवली, त्यासाठी त्यांचे मनापासून आभार, कारण पगाराबद्दल कुणी कॅमेऱ्यासमोर बोलत नाही.

पहिल्या ओळीत हप्ता. 25 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण 21 हजार 700. वीस वर्षांत 25 लाखांचे 52 लाख होतात, हे त्यांनी पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. मग सोसायटीचा मेंटेनन्स, चौरस फुटाप्रमाणे, लिफ्ट, जनरेटर, सिक्युरिटी. मग उन्हाळ्यातला टँकर. मग स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा दोन्ही वेळची. लालबागला यातलं एकही खातं नव्हतं. तिथे बाजार खाली होता, केईएम चालत होतं आणि शाळा दोन गल्ल्या सोडून होती.

शाळेचं पान वेगळं आहे. वहिनींनी मुद्दाम वेगळं ठेवलंय.

मुलगी तिसरीत. हायवेला लागून एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, सीबीएसई, तिथे जाते. फी तीन टर्ममध्ये, पुस्तकं शाळेतूनच घ्यायची, बूट दोन जोड, ॲक्टिव्हिटी फी वेगळी, व्हॅनचे दहा महिन्यांचे पैसे भरायचे की बारा यावर दरवर्षी वाद. शिवाय संध्याकाळी ट्यूशन, कारण घरी इंग्रजीतून अभ्यास घेणारं कुणी नाही. हे सगळं मिळून बाराने भागलं की हप्त्याच्या निम्म्याच्या जवळ जातं. बदलापूरला घर स्वस्त मिळालं म्हणून आलो आणि स्वस्ताईतलं वाचलेलं शाळेत गेलं, असं वहिनी म्हणतात, आणि हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत, बेरीज सांगावी तसं सांगतात.

अशा शाळा इतक्या झपाट्याने आल्या कुठून? 2012 मध्ये राज्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. सरकार अनुदान देणार नाही, तुम्ही तुमच्या पैशाने शाळा काढा. त्यानंतर नव्या टॉवरांच्या मागोमाग शाळा आल्या, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये स्विमिंग पूलच्या शेजारी शाळेचा फोटो यायला लागला. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागा आहेत, पण त्या लॉटरीत लागल्या तर, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तर सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खासगी शाळेला त्यातून सूट द्यायचा नियम आला होता, तो मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला म्हणून वाचलं.

(दृश्य : जुन्या गावातली शाळा, मैदान, वर्ग)

आता त्याच फ्लॅटपासून चालत बारा मिनिटांवर या. ही अनुदानित मराठी शाळा आहे. वड बघा, घंटा बघा, लोखंडी रुळाचा तुकडा टांगलाय तीच घंटा. इमारत वर्गणीतून उभी राहिलीय, देणगीदारांच्या फरशीवर 51 रुपये, 101 रुपये अशा रकमा कोरल्यात. तेव्हा गिरगाव-दादरमध्ये जागा परवडत नाही म्हणून डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे आलेल्या कारकुनांनी आणि मास्तरांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर शाळा काढली. घरं भाड्याची होती, शाळा मात्र स्वतःची! पार्ल्याने हेच 1921 मध्ये केलं होतं, टिळकांच्या नावाने.

हा पाचवीचा वर्ग. बाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं, नेहमीचा तास चालू आहे, अपूर्णांक. बाईंनी भाकरी आणलीय डब्यातली, तिचे तुकडे करून पाव, अर्धा, पाऊण. मागच्या बाकावरची मुलगी पाव अधिक अर्धा म्हणजे पाऊण हे कुणी न सांगता ओरडून सांगते, ते आवाजासकट रेकॉर्ड झालंय. या वर्गात घरी मराठी बोलणारी सगळीच मुलं नाहीत. कुणाच्या घरी लमाणी बोलतात, कुणाच्या भोजपुरी, दोघं कन्नड. आईवडील बांधकामावर किंवा नाक्यावर. त्यांनी मुलांना मराठी शाळेत घातलंय आणि मुलं मराठीत भांडतात.

आणि अर्धे बाक रिकामे आहेत.

2011 च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे आधीच्या 45 लाखांवरून 44 लाखांवर आले होते आणि हिंदी सांगणारे 26 लाखांच्या आसपास होते ते 36 लाखांच्या जवळ गेले. यावर वाद घालणारे भरपूर आहेत. पण हे बाक परप्रांतीयांनी रिकामे केलेले नाहीत. ते आपण केलेत. बारा मिनिटांवरच्या टॉवरमध्ये निम्म्याहून जास्त पाट्या मराठी आडनावांच्या आहेत, आम्ही लिफ्टजवळच्या बोर्डावर मोजल्या. जून 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून केवढा आवाज उठला, तो उठायलाच हवा होता, 29 जूनला सरकारने जीआर मागे घेतले, 5 जुलैला वरळीत मेळावा झाला. त्याच जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा इथे पहिलीत किती मुलं आली ते हजेरीपटावर दिसतंय, पान पूर्ण भरलेलं नाही.

पट कमी झाला की पुढे काय होतं, तर दरवर्षी 30 सप्टेंबरला जितकी मुलं आहेत, त्यातही ज्यांचं आधार जुळतं तितकीच, त्यावर संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक मंजूर ते ठरतं. 15 मार्च 2024 च्या जीआरने निकष आणखी कडक केले, सहावी ते आठवीला वीसच्या खाली पट गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात. शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत, मग गणिताला माणूस नाही, मग पालक म्हणतात बघा, शिकवायला कुणी नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी पाच दाखले जातात. शेजारच्या गावातली एक शाळा अशीच बंद झाली.

(दृश्य : संध्याकाळचा परतीचा प्रवास)

दादा रात्री साडेनऊला घरी पोचतात. 9 जून 2025 ला सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं पडली, त्या दिवशी चार जण गेले. मुलगी झोपलेली असते. वहीवर तिने इंग्रजीत लिहिलेली कविता आहे, दादा ती वाचतात, पान उलटतात.

(दृश्य : मे महिना, दुपार, टॉवरचं गेट)

शेवटचं शूट मे महिन्यातलं. मराठी शाळेतले तीन शिक्षक, हातात पत्रकं, ऊन चाळीसच्या घरात. सुट्टी आहे पण ते घरोघर फिरतायत, पहिलीसाठी मुलं शोधतायत. अनुदानित शाळेतले बहुतेक मास्तर मे महिन्यात हेच करतात, आणि याचा वेगळा पगार नसतो.

दादांच्याच कॉम्प्लेक्सच्या गेटवर त्यांना थांबवलं. ॲपमध्ये फ्लॅट नंबर टाकल्याशिवाय आत सोडता येत नाही. सरांनी सांगितलं, आम्हाला सगळ्याच घरी जायचंय. वॉचमन म्हणाले तसं ॲपमध्ये चालत नाही. मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, सरांनी रुमालाने मान पुसली, बाईंनी पत्रकांचा गठ्ठा केबिनच्या कट्ट्यावर ठेवला, कुणी मागितलं तर द्या म्हणाल्या.

वॉचमननी एक पत्रक उचललं. वाचता येत नव्हतं म्हणून विचारलं कशाचं आहे. ते बिहारचे, सिवानचे, बायको आणि मुलगी इथेच, मागच्या पत्र्याच्या खोलीत. मुलगी सहा पूर्ण. फी किती, ते त्यांनी दोनदा विचारलं. मग हिंदीतच विचारलं की आमची मुलगी मराठी शाळेत चालेल का.

बाईंनी केबिनमधली खुर्ची ओढली आणि फॉर्म तिथेच भरायला घेतला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. जन्माचा दाखला गावी राहिलाय, असं ते जरा घाबरत म्हणाले. बाईंनी सांगितलं, दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्यातच आहे, तो नंतर मागवू, तुम्ही सोमवारी तिला घेऊन या, दप्तर नसलं तरी चालेल.