मास्टर, बेबी आणि मधली वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

वर्सोव्याच्या आराम नगरात सुट्टीच्या दिवशी चक्कर मारलीत, तर ऑडिशनसाठी ताटकळणाऱ्यांत मोठ्यांबरोबर पोरंटोरंही दिसतील. कुणी डोंबिवलीहून लोकलने आलेलं, कुणी वसईहून. आईच्या हातात कंगवा, पोराच्या ओठांवर चार ओळींचा डायलॉग. अशा आया मला हटकून विचारतात, ‘आमच्या छोट्याला घालू का हो सिनेमात?’ यावर मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सचिन पिळगावकरांची कारकीर्द जरा नीट बघा, एवढंच सांगते. ‘बनवाबनवी’ तोंडपाठ असलेल्या आपल्या लोकांनाही तिचा मधला भाग फारसा आठवत नाही.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. १९६३ साली ‘हा माझा मार्ग एकला’ आला. राजा परांजप्यांसारखा दिग्दर्शक, आणि मास्टर सचिन जेमतेम पाच-सहा वर्षांचा. त्या काळी पडद्यावरच्या मुलाला ‘मास्टर’ आणि मुलीला ‘बेबी’ म्हणायची रीत होती. मधुबालाही आधी ‘बेबी मुमताज’ होती आणि मीनाकुमारी ‘बेबी मीना’.

पुढे १९६७ च्या ‘मझली दीदी’त हा मुलगा त्याच मीनाकुमारींसमोर उभा राहिला. शरच्चंद्रांची कथा, पोरका किशन आणि त्याला पदराखाली घेणारी दीदी. मला त्या जोडीचं फार कौतुक वाटतं. समोरच्या पोराची झोप, भूक, कंटाळा, लाइट लागेपर्यंतचं ताटकळणं, हे सगळं त्या बाईंनी स्वतः लहानपणी भोगलेलं होतं. उर्दू आपण त्यांच्याकडून शिकलो, असं सचिन यांनी मुलाखतींतून सांगितलंय. शाळेच्या वयातल्या मुलाला सेटवर असे मास्तर मिळाले. त्याच वर्षी ‘ज्वेल थीफ’, पुढच्या वर्षी ‘ब्रह्मचारी’.

आणि मग मुलगा वाढायला लागला.

बालकलाकाराची खरी परीक्षा इथे सुरू होते, आणि आईबापांना ती आधी दिसत नाही. शूटिंग अर्ध्यावर असताना दुधाचा दात पडला, तर सोमवारच्या शॉटमध्ये दात आहे आणि गुरुवारच्या शॉटमध्ये खिंडार. एका शॉटशी दुसरा जुळतोय का हे बघणारा कंटिन्युइटीवाला डोक्याला हात लावतो. पण तो एका सिनेमाचा प्रश्न झाला. आवाज फुटतो तेव्हा अख्खी ओळख बदलते. डबिंगला माइकसमोर उभं राहावं तर तोंडातून भलताच सूर निघतो. ओठांवर लव, हातपाय लांबलेले. लहान मुलाच्या कामाला मोठा आणि हिरोला लहान. निर्मात्याने अशा मुलाचं करायचं काय? कितीतरी ‘मास्टर’ आणि ‘बेबी’ इथेच गळाले, त्यांची आज नावंही कुणी घेत नाही.

सचिन यांच्या बाबतीत ‘ब्रह्मचारी’ आणि ‘गीत गाता चल’ यांच्यामध्ये सात वर्षं आहेत. म्हणजे अकरा ते अठरा, नेमकं हेच वय. १९७५ मध्ये एकदम दोन गोष्टी झाल्या. ‘शोले’त ते इमामसाहेबांचे अहमद झाले. गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि पुढे घोड्यावरून त्या पोराचं प्रेत गावात येतं. मारणं पडद्यावर दिसतच नाही, तरी अहमद लक्षात राहिला. याच सिनेमाच्या सेकंड युनिटच्या, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवाय वेगळं शूटिंग करणाऱ्या तुकडीच्या कामात आपला हात होता, असं ते सांगतात. कॅमेऱ्याच्या मागे काय चालतं हे बघायची खोड तेव्हाच लागलेली दिसते. आणि ‘गीत गाता चल’मध्ये नायिका सारिका, म्हणजे कालची बेबी सारिका. दोघंही सेटवर वाढलेली.

पुढचं भराभर सांगते, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. ‘बालिका बधू’, ‘अखियों के झरोखों से’, ‘नदिया के पार’. हिंदीत गोड, सालस तरुण ही प्रतिमा घट्ट झाली. गोड चेहऱ्यावर कायमची भाकरी मिळत नाही, हे हा माणूस लवकर ओळखून होता असं मला वाटतं, कारण १९८२ मध्ये पंचविशीतच ते ‘मायबाप’चे दिग्दर्शक झाले. मग ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘गंमत जंमत’ आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. त्याचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये. ‘मझली दीदी’चे दिग्दर्शकही हृषीदाच! गंमत म्हणजे त्याच सुमारास मराठीत नाव काढणारे महेश कोठारेही ‘छोटा जवान’मधला छोटा मुलगाच. ऐंशीच्या दशकात मराठी प्रेक्षकांना पोटभर हसवणारे हे दोन दिग्दर्शक चड्डीत असल्यापासून सेट बघत होते.

आता त्या आयांच्या प्रश्नाकडे येते. आज निदान कायदा आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला कामाला घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, ओळीने सत्तावीस दिवसांच्या वर नाही. कमाईतला किमान वीस टक्के पैसा मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. तेव्हा बायांनो, ठेवीची पावती मागून घ्या, लाजू नका. राहता राहिली ती मधली वर्षं. त्यांच्यासाठी कुठलाच नियम नाही. तिथे शाळा लागते, आणि अभिनयाखेरीज आणखी एखादं काम हाताशी लागतं.

शेवटी एका भूमिकेबद्दल बोलते. १९७९ च्या ‘अष्टविनायक’मध्ये सचिन यांच्याबरोबर पंडित वसंतराव देशपांडे होते. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातले खाँसाहेब म्हणजे वसंतराव, दुसरं कुणी डोळ्यांपुढेच येत नसे. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी ‘कट्यार’वर सिनेमा केला, तेव्हा ते खाँसाहेब सचिन यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न. मत्सराने जळणारा, कडवट माणूस. सालसपणाचा मागमूस नाही. गाण्याला आवाज वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडे यांचा. उर्दूचं ते वळण जिभेवर होतंच. मला विचाराल तर त्यांचं हे सगळ्यात चांगलं काम.

आता ‘अष्टविनायक’मधलंच वसंतरावांचं गाणं लावते. ऐका.