काठावरची अंडी

(दृश्य : गोठ्यामागची सावली. झुडपाखाली पाण्याचा काळा पेला.)

हा पेला इथं कुणी विसरून गेलेलं नाही, मुद्दाम ठेवलाय. आत निम्मं पाणी, त्यात उभी खोचलेली लाकडी पट्टी. याला म्हणतात ओव्हिट्रॅप, म्हणजे अंड्यांचा सापळा. अंडी घालायला जागा हुडकणाऱ्या एडिस गटातल्या डासाच्या मादीला असा काळोखा, ओलसर आडोसा हवाच असतो.

(दृश्य : भिंगाखाली पट्टी.)

हे ठिपके बघा, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या काठाला चिकटवते. पाणी आटलं तरी ती महिनोन् महिने तग धरतात. पुन्हा पाणी वर चढलं की अळ्या बाहेर.

अंड्यांवरून डासाची जात सांगणं मात्र अवघड. म्हणून पट्टी प्रयोगशाळेत भिजवतात, अळ्या वाढवतात, पूर्ण वाढलेला डास हाती आला की त्याची पाठ बघतात. काळ्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असेल, तर तो एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे टायगर डास. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा.

मूळचा हा आग्नेय आशियातल्या जंगलातला. झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढायचा. मग त्याला टायर सापडलं! तसंच अंधारं, तसंच पाणी धरून ठेवणारं. टायर कसंही कलतं करा, तळाशी थोडं पाणी उरतंच. स्वतः उडून हा डास जेमतेम काहीशे मीटर जातो. समुद्र ओलांडले ते जुन्या टायरांच्या व्यापारातून. 1979मध्ये अल्बानिया, 1985मध्ये अमेरिकेतलं ह्यूस्टन, 1990मध्ये इटलीतलं जेनोआ.

खेड्यात त्याला शोधणं जास्त जिकिरीचं. घरं लांब लांब, आणि पाणी साचायच्या जागा कुठं कुठं मोजणार? गुरांची कुंडी, ताडपत्रीची घडी, तुंबलेली पन्हळ, ढोली. सापळे तरी किती लावणार! त्यात पेला आठवड्याच्या आत बदलायलाच हवा. विसरलात, तर सापळाच डासांचा पाळणा होतो.

म्हणून गावकऱ्यांचे डोळे मोलाचे. 2018मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागातल्या एका रहिवाशानं ‘मॉस्किटो अलर्ट’ या ॲपवर डासाचा फोटो पाठवला. तो निघाला एडिस जापोनिकस, याच गटातला दुसरा डास, स्पेनमध्ये तोवर कधीच न सापडलेला.

(दृश्य : धूरफवारणी.)

धूर दिसायला जोरदार. साथ भडकली असताना त्याचा उपयोगही आहे, पण मरतात ते उडणारे डास. काठावरची अंडी जागच्या जागी. नुसतं पाणी ओतून दिलं तरी तेच. कुंडी आतून घासावी लागते, खरखरीत ब्रशनं, काठापर्यंत.

जे पाणी ओतून देता येत नाही, त्यासाठी बीटीआय आहे. 1976मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या डबक्यात सापडलेला जिवाणू. अळीनं तो खाल्ला की त्यातली प्रथिनं तिचं आतडं फोडतात. गुरांना, माशांना अपाय नाही.

आणि मासे? गंबुशिया मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून जगभर नेऊन सोडला. त्यानं स्थानिक मासे आणि बेडकांची पिल्लंही फस्त केली. आज उपद्रवी परक्या जातींच्या जागतिक यादीत टायगर डास आहे, आणि गंबुशियाही! तळ्यात काय सोडायचं ते आधी विचारून सोडलेलं बरं.

परका डास मुळासकट हटवल्याचं उदाहरण आहे. आफ्रिकेतला मलेरियाचा डास 1930मध्ये ब्राझीलमध्ये सापडला. 1938मध्ये मोठी साथ आली. पुढं डबकं न् डबकं तपासून 1940पर्यंत त्याचा तिथून नायनाट झाला. पण तो वाढायचा उघड्यावरच्या, उन्हातल्या डबक्यांत. टायगर डासाला बाटलीचं झाकण पुरतं.

(दृश्य : पुन्हा गोठ्यामागचा पेला.)

जुनी पट्टी पिशवीत गेली. पेला घासून झाला. नव्या पट्टीवर पेन्सिलीनं आजची तारीख.