तीन, चार, पाच की सहा इंच? कोल्टच्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट

(हिरवी मखमल, त्यावर ओळीनं चार रिव्हॉल्व्हर. कॅमेरा डावीकडून हळू सरकतो.)

हे चौघं बघा, फोटोसाठी उंचीप्रमाणे उभी केलेली सख्खी भावंडं वाटतात ना. मूठ तीच, घोडा तोच, पाच गोळ्यांचं सिलेंडर पण तेच, फरक फक्त पुढच्या नळीचा. तीन इंच, चार, पाच आणि सहा. हे कोल्टचं 1849 चं पॉकेट मॉडेल. पिक्चरमधल्या काउबॉयच्या कमरेला लटकतं ते धूड वेगळं, त्याचं कौतुक भरपूर झालंय, पण टोपीवाल्या, म्हणजे काडतुसांच्या आधीच्या, कोल्टांमधे सगळ्यात जास्त खपलं ते हे छोटं, 1873 पर्यंत सव्वातीन लाखांच्या वर, आणि तरी म्युझियममधे याला कोपऱ्यातलं कपाट. म्हणून आजचा अख्खा व्हिडिओ याच्यावर, आणि त्यातही याच्या नळीवर.

(हार्टफर्ड. निळा घुमट, त्यावर सोनेरी चांदण्या, टोकाला उधळलेला घोडा.)

कनेक्टिकटमधे हायवेवरून जाताना हा घुमट दिसतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चर्च असेल. हा सॅम्युएल कोल्टचा कारखाना, 1864 मधे जळला आणि परत बांधला. 1848 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सटरच्या मिलपाशी सोनं सापडलं, लोक घरदार सोडून निघाले, त्यांना हवं होतं काहीतरी जे कोटाच्या खिशात मावेल. मग दुकानात प्रश्न यायचा, नळी केवढी घेऊ?

(क्लोजअप. लाकडी हातोडी, नळीच्या बाजूची पाचर.)

याचं उत्तर कळायला आधी हे उघडून बघावं लागतं. ही बाजूची चपटी पट्टी दिसतेय ती पाचर, कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो ना तीच आयडिया. लाकडी हातोडीनं टक् केलं की पाचर सरकते, नळी पुढे निघते, सिलेंडर हातात येतं. स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. आणि आता सिलेंडरवर बघा, लाइट थोडा तिरका पडू दे... हां. घोडागाडी अडवलीय, दरोडेखोर, पिस्तुलं, धूर. हे चित्र ऑर्म्सबी नावाच्या माणसानं कोरलं, तो मूळचा नोटा छापायच्या प्लेटा कोरणारा, आणि ते रुळानं दाबून प्रत्येक सिलेंडरवर उठवायचे. हा शॉट आम्ही चाळीस मिनिटं घेत होतो, एडिट करताना कापवेना, म्हणून लांबलाय, सांभाळून घ्या.

(रेंजवर. चार इंचवालं, इटलीत बनलेली नक्कल. हात, दारूचं माप, शिशाच्या गोळ्या.)

आता भरायचं कसं ते बघा, कारण नळीचा खरा हिशोब इथं आहे. काडतूस वगैरे काही नाही. सिलेंडरच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू, जेमतेम एक ग्रॅम, काय ती चिमूटभर. वर शिशाची गोल गोळी, वाटाण्याएवढी. घरापेक्षा गोळी किंचित मोठी असते म्हणून ती नुसती आत जात नाही, नळीखालची ही दांडी खाली ओढून दाबावी लागते. बघा, शिशाची बारीक कड कापली जाऊन बाहेर आली, म्हणजे घट्ट बसली. तोंडाला वरून ग्रीस, नाहीतर एकाचा जाळ शेजारच्यात शिरतो. मग मागून टोपी, म्हणजे आपली दिवाळीतली टिकलीच समजा, फक्त तांब्याच्या वाटीत बसवलेली. असं पाच वेळा.

आणि ही दांडी म्हणजे तरफ. नळी लांब तर दांडी लांब, दांडी लांब तर जोर कमी. सहा इंचवाल्यावर लहान पोरगंसुद्धा गोळी दाबेल (दाबायला देऊ नये, पण दाबेल). चारवर जरा तळहात दुखतो. आणि तीनवर?

(परत मखमल. तीन इंचवालं, खालून सपाट.)

तीनवर बहुतेकदा दांडीच नाही! खाली बघा, काही नाहीये. याला संग्राहकांनी वेल्स फार्गो असं त्या घोडागाडीवाल्या कंपनीचं नाव चिकटवलंय. हे भरायचं म्हणजे पाचर काढा, नळी काढा, सिलेंडर काढा, मधला जो आस उरतो त्याच्या टोकानं एकेक गोळी दाबा, परत सगळं जोडा. चालत्या गाडीत, रात्री, कोणी मागे लागलेलं असताना हे करून दाखवा. म्हणजे पाच गोळ्या संपल्या की विषय संपला. पण दुसरी बाजू पण आहे, बसल्या बसल्या खिशातून निघतं, अडकत नाही.

(मागून शॉट. घोडा ओढलेला, त्याच्या टोकावरची खाच.)

नेमाचं पण सांगतो. पुढे नळीच्या टोकाला पितळेची बारीक माशी, म्हणजे नेम धरायचा दाणा, आणि मागची खाच चक्क घोड्यावर, घोडा ओढल्याशिवाय दिसत पण नाही. खाच आणि माशी यांच्यात अंतर जितकं जास्त तितकी हाताची चूक पटकन डोळ्याला दिसते. सहाचा फायदा हाच, वेगाचा म्हणाल तर एवढ्याशा दारूत पुढच्या इंचांनी थोडीशीच भर पडते. माझं मत विचाराल तर पाच. चार-पाचचीच आज जास्त सापडतात, म्हणजे तेव्हाच्या गिऱ्हाइकाला पण ते कळत होतं, आम्हाला एवढा व्हिडिओ करावा लागला.

सहा इंचवालं झाडून दाखवलं नाही, ते खरं जुनं आहे, मालकानं टेबलावर ठेवू दिलं हेच खूप. आणि नंतर पाऊस आला.

(जुने फोटो एकापाठोपाठ. खाणीवरचे तंबू, युद्धातले कोवळे शिपाई, छातीशी पिस्तूल धरून. फक्त संगीत.)

जुगाराच्या टेबलांवर, खाणींवर आणि 1861 ते 65 च्या यादवी युद्धात घरून पिस्तूल घेऊन गेलेल्यांच्या हातून याच्या गोळ्यांनी माणसं मेली, जखम चिघळून पण मेली. पुढे धातूची काडतुसं आली आणि 1873 मधे याचं उत्पादन थांबलं.

(मखमल. मालकाचा हात.)

शेवटचा शॉट. तीन इंचवाल्याची नळी बघा, अष्टकोनी आहे पण कोपरे गुळगुळीत झालेत, मुठीच्या पितळेवरचा चांदीचा मुलामा पार उडालाय, रोज खिशात घासलं गेल्यासारखं. सहावाल्याचे कोपरे अजून बोटाला लागतात, चांदी पण जागेवर.

(मालक सहावालं उचलून पेटीत ठेवतो. तीनवालं टेबलावरच.)