हात आवरा!

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय ‘हॅमस्टरच्या अशक्त पिल्लाची निगा’ असा छापलाय. मागच्या रविवारी इथे गुडघेदुखी झाली, पुढच्या रविवारी मृत्युपत्र आहे, आणि मधल्या रविवारी मी उंदीर घेऊन आलेय. पहिल्या रांगेतले काका हसताहेत. त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी पिंजरा आहे आणि रात्री दोन वाजता चाकाचा आवाज कोणाला ऐकू येतो, हे मला त्यांच्या सूनबाईंनी सांगितलंय.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर भिशी मिळाली नाही, पण बुटांचे खोके मिळायला लागले. दार वाजतं, दारात कोणाचा तरी नातू रडवेला होऊन उभा, हातात खोकं. “आजी, हे खात नाहीये.” खोक्यात कापूस, कापसावर बोटाएवढं पिल्लू, आणि पिल्लाच्या तोंडाला दुधाचा चिकटा. हा चिकटा आज माझा खरा विषय आहे. माझं मत तुम्हाला आगाऊ सांगून ठेवते: अशक्त पिल्लाचं पहिलं औषध म्हणजे आपण हात आवरणं. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता हे पटवायला मला थोडं लांब, सिरियातल्या अलेप्पो शहरापर्यंत जावं लागेल. सेक्रेटरीसाहेब, घड्याळाकडे बघू नका, लगेच परत येते.

घरोघरी दिसतो तो सोनेरी, म्हणजे सिरियन हॅमस्टर. वॉटरहाउस नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ साली त्याचं वर्णन लिहिलं आणि पुढे जवळजवळ शतकभर त्याच्याकडे कोणी फारसं बघितलं नाही. मग जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या सॉल अॅडलर यांना प्रयोगासाठी हॅमस्टर हवे झाले. त्यांचा अभ्यास होता लेश्मानियासिसचा. आपल्याकडे बिहार-बंगालमधे ज्याला काळा आजार म्हणतात, तो त्याच कुळातला. चिनी हॅमस्टर त्यांच्याकडे होते, पण ते बंदिवासात पिल्लं घालायला तयार नव्हते आणि दर वेळी चीनहून मागवायचे म्हणजे कटकट. तेव्हा इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञांनी १९३०च्या एप्रिलमधे अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात मजूर लावून खणायला सुरुवात केली. सुमारे आठ फुटांवर बीळ सापडलं. आत आई आणि अकरा पिल्लं.

इथे नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं या पुढच्या क्षणात आहे. आई आणि पिल्लं पेटीत ठेवली, आणि त्या आईने सगळ्यात जवळ आलेल्या पिल्लाचं डोकं चावून तोडलं. दुष्ट होती म्हणून नव्हे. घर उकरलं गेलं, उजेड आला, माणसांचा वास आला. हॅमस्टरची आई घाबरली की असं करते; तुमच्या घरातली गरीब दिसणारीसुद्धा करते. अहारोनींनी बाकीची वाचावीत म्हणून आईलाच मारलं आणि डोळेही न उघडलेली ती पिल्लं त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने घरी हाताने वाढवली.

हे सांगितलं की कोणी तरी म्हणतंच, “बघा, हातानेच वाढवली ना!” वाढवली. पण त्या जोडप्याचं आयुष्य प्राण्यांमधे गेलेलं होतं, आणि पिल्लांना आई उरलेली नव्हती म्हणून वाढवली. पुढची गंमत ऐका. ही मंडळी मोठी झाली आणि पळाली. काही घरातूनच सटकली, काही विद्यापीठाच्या प्राणिगृहात गेल्यावर पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून पसार झाली. मूठभर उरली. भावाबहिणींचाच संसार, आणि वर्षभरात दीडशेच्या आसपास प्रजा! गर्भारपण सोळा दिवसांचं, मंडळी. तेवढ्यात आपल्याकडे बारशाचा हॉलही बुक होत नाही. १९३१ मधे अॅडलरनी काही हॅमस्टर इंग्लंडला नेले. कोटाच्या खिशातून नेले असं सांगतात. आपण चकल्या नेतो तसे. तिथून ते जगभर गेले, आणि आज तुमच्या घरात जो सोनेरी हॅमस्टर आहे तो बहुतेक करून त्या एका बिळाचा वंशज आहे. म्हणजे डोंबिवलीत काय नि डेट्रॉइटमधे काय, सगळे एकमेकांचे चुलतभाऊ. आणि घाबरणं सगळ्यांनी सारखंच वारशाने घेतलंय.

चिठ्ठी आली. “दहा मिनिटे.” बरं. पण दुधाचं बोलल्याशिवाय मी खाली उतरणार नाही.

आपल्या घरात अशक्त जीव आला की पहिली हालचाल दुधाच्या पातेल्याकडे होते. त्याला आडवं मांडीवर घ्यायचं, तोंडात बोंडलं घालायचं. माणसाच्या बाळाचं माणसाच्या डॉक्टरांवर सोपवू. हॅमस्टरला उताणं धरून ड्रॉपर दाबला की ते दूध पोटात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं. रात्री खुरखुर, सकाळी खोकं गार. गाईम्हशीच्या दुधातली साखर दूध तुटलेल्या पिल्लाला पचत नाही, त्याने जुलाब होतात. एका बाईंनी तर बाळगुटी उगाळली होती. वेखंड, मुरडशेंग, सगळं साग्रसंगीत! मी म्हटलं, बाई, याचं वजन पंचवीस ग्रॅम आहे, तुमची सहाण त्याच्यापेक्षा जड. त्यावर त्या म्हणाल्या, “आमच्या तिन्ही मुलांना मानवली.” याच्यावर काय बोलणार?

त्यात दुकानदार. एका दुकानदाराने मला समोर उभं करून सांगितलं, “मॅडम, जोडीच न्या, एकटा झुरेल.” सिरियन हॅमस्टर हा ब्रह्मचारी नव्हे, पण एकांतप्रिय नक्की आहे. सहा-आठ आठवड्यांचा झाला की सख्खा भाऊही त्याला खपत नाही, आणि काचेच्या टाकीत जे दुबळं असतं त्याला बाकीचे खाण्यापाशी आणि पाण्याच्या नळीपाशी फिरकू देत नाहीत. शिवाय नर-मादी एकत्र. चार-पाच आठवड्यांची मादी गाभण राहू शकते, म्हणजे तुम्ही रोडकं पिल्लू म्हणून आणलेलं बाळ दोन आठवड्यांत स्वतःच बाळंत होतं. आमच्या शेजारच्या इमारतीत झालंय. नातवाने आनंदाने पेढे वाटले, आजोबांनी तोंड फिरवलं.

आता “पाच मिनिटे” आलं, आणि विषय तर अजून सुरूच व्हायचाय. भराभरा सांगते, लिहून घ्यायचं ते घ्या.

आधी खात्री करा की ते अशक्त आहे. रोबोरोव्हस्की नावाची बुटकी जात पूर्ण वाढली तरी वीस-पंचवीस ग्रॅमच भरते. एक गृहस्थ असा धडधाकट प्रौढ प्राणी कित्येक महिने ‘वाढीसाठी’ चारत होते. तो उंचीला नाही, रुंदीला वाढला. सिरियन असेल तर दूध तुटायच्या वेळी, म्हणजे तीन आठवड्यांच्या सुमाराला, तीस-चाळीस ग्रॅम हवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, वाटीत बसवा, रोज एकाच वेळी वजन लिहा. दिवसातून तेवढंच उचलायचं. आकडा हळूहळू चढत असेल तर तुम्ही शांतपणे पेपर वाचा.

आई जवळ असेल तर पहिला आठवडा-दहा दिवस घरट्याला हातसुद्धा नको; अलेप्पो आठवा. दुकानातून एकटं आणलं असेल तर पिंजरा शांत खोलीत, जाड थर अंथरायचा, घरट्याला टिश्यू पेपरच्या पट्ट्या. कापूस नको, धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात अडकतात.

मग ऊब. गार पडलेल्या पिल्लाला खाऊ घालू नका, आधी गरम करा, कारण थंड पोट काही पचवत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे नको झालं तर त्याला सरकता येतं. मुलांच्या एसीच्या खोलीत पिंजरा असतो आणि पहाटे पिल्लू ताठ दिसतं. ते मेलंच असेल असं नाही, गारठून सुस्तावलेलं असू शकतं. पुरायची घाई नको, सावकाश ऊब द्या. आणि उलट, मे महिन्यात बाल्कनीत ठेवू नका; तीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव धोक्यात.

खाणं: पाण्यात भिजवून मऊ केलेल्या हॅमस्टरच्या गोळ्या, नुसते शिजवलेले ओट्स, उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर पांढरा भाग. उरलेलं काढून टाका, नासतं. सूर्यफुलाच्या बियांचा ढीग घालू नका, तो तेवढ्याच वेचून खातो आणि बाकीचं पोषण राहून जातं. पाण्याची नळी त्याच्या तोंडाच्या उंचीवर आणा, निम्मे ‘आजारी’ नुसते तहानलेले असतात. ड्रॉपर लागलाच तर पिल्लू पालथं, ओठाच्या कडेला एक थेंब, ते चाटेल तेव्हा पुढचा.

शेपटीखाली ओलं, घाण दिसलं तर मात्र घरगुती काही करू नका. नुकत्याच दूध तुटलेल्या पिल्लांचा तो जिवाणूचा आजार आहे, दोन-तीन दिवसांत संपवतो. त्याच दिवशी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांकडे, तेही लहान प्राणी बघणाऱ्या. घरातल्या डब्यातली अॅमॉक्सिसिलिनची गोळी चुरून देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, मग घातक वाढतात आणि औषधानेच प्राणी जातो.

हो, हो, उतरते. तबला लावायला घ्या. एकच राहिलं: खायला जातं पण तोंडातून सांडतं असं पिल्लू असेल तर पुढचे दात बघा. ते जन्मभर वाढतात, वाकडे वाढले तर जबडा मिटत नाही. व्हेट ते नीट कापून देतात. घरचं नेलकटर ड्रॉवरमधेच राहू द्या.