टेक्सासच्या वर्गात पिस्तूल: कायदा नेमका काय म्हणतो

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या किंवा कॉलेज स्टेशनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं की घरातलं कुणीतरी विचारतंच, "तिथं म्हणे पोरं बंदूक घेऊन वर्गात बसतात?" याला नुसतं "हो" म्हटलं तरी चुकतं आणि "छे, काहीतरीच" म्हटलं तरी चुकतं. कुणी, कसलं हत्यार, कुठल्या खोलीत, कशा अवस्थेत बाळगायचं हे टेक्सासच्या कायद्यानं बारकाईनं ठरवलं आहे. तिथं शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी त्यावर आणखी एक फेडरल, म्हणजे साऱ्या अमेरिकेला लागू असलेला, कायदा आहे. तो राज्याच्या कायद्याइतका चर्चेत नसतो, पण त्यांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा तोच आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. २०१६ पूर्वी टेक्सासच्या विद्यापीठांत पिस्तूल नव्हतंच, असं नाही. १९९५ मध्ये राज्यानं लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने देण्याचा कायदा केला. तेव्हापासून परवानाधारक माणूस कॅम्पसच्या रस्त्यावर, हिरवळीवर, पार्किंगमध्ये पिस्तुलासह फिरू शकत होता. बंदी होती ती इमारतींत. 'सिनेट बिल ११' या राज्याच्या नव्या कायद्यानं ही सीमा दाराच्या आत नेली, इतकंच. राज्यपाल ग्रेग अॅबट यांनी जून २०१५ मध्ये त्यावर सही केली. १ ऑगस्ट २०१६ पासून तो चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांना लागू झाला आणि बरोबर एक वर्षानं कम्युनिटी कॉलेजांना. १ ऑगस्ट हीच तारीख १९६६ मध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या टॉवरवरून झालेल्या गोळीबाराची. कायदा लागू झाला त्या दिवशी त्या घटनेला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. १९६६ च्या त्या दिवशी काही नागरिकांनी शिकारीच्या रायफली आणून खालून टॉवरवर उलट गोळ्या झाडल्या होत्या, आणि गंमत अशी की कॅम्पसवर पिस्तूल हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघेही आपल्या युक्तिवादात हाच प्रसंग वापरतात.

कॅम्पसवर पिस्तूल बाळगू देण्याच्या मागणीला खरा जोर आला तो एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात ३२ जण मारले गेल्यानंतर. मृतांत मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापकही होते. त्यानंतर काही दिवसांतच कॅम्पसवर परवानाधारकांना पिस्तूल बाळगू द्यावं म्हणणारी विद्यार्थी संघटना उभी राहिली. उलट बाजूनं बंदी कडक करण्याची मागणी झाली. फेडरल पातळीवर काँग्रेसनं १९९० मध्ये केलेला 'गन-फ्री स्कूल झोन्स'चा कायदा फक्त बारावीपर्यंतच्या शाळांचा आहे. विद्यापीठांचं त्यात काही नाही, म्हणून प्रत्येक राज्याचा नियम वेगळा.

आता टेक्सासमध्ये बाळगता कुणाला येतं? ज्याच्याकडे राज्याचा 'लायसन्स टू कॅरी' हा परवाना आहे, त्यालाच. तो काढायला चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि निशाण्याची परीक्षा द्यावी लागते. निशाण्याला ५० गोळ्या: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. एकूण गुण २५०, पास व्हायला १७५. नेम बरा असलेल्या माणसाला हे अवघड नाही. गर्दीच्या वर्गात, पळापळीत नेम धरायचं शिक्षण म्हणजे ही परीक्षा नव्हे, हेही लक्षात असू द्या. वयाची मूळ अट २१ वर्षांची, सैन्यातल्यांना १८ ची. "पदवीची पोरं २१ च्या आतली असतात, त्यांच्याकडे परवाना येणारच नाही" असं पूर्वी छातीठोक सांगितलं जायचं. पण २०२२ मध्ये फोर्ट वर्थच्या फेडरल न्यायालयानं १८ ते २० वयोगटावरची टेक्सासची बंदी घटनाबाह्य ठरवली, त्यामुळे तो आधार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

इथं बरेच लोक घोटाळा करतात. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये परवान्याशिवायही सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगता येतं. ही सवलत विद्यापीठाच्या दारापाशी संपते. आत यायचं तर परवाना लागतोच. नसेल तर तो तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा: २ ते १० वर्षं तुरुंगवास आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. पिस्तूल उघडं दिसेल असं कमरेला लावणं शहरात चालतं, कॅम्पसवर नाही. तिथं ते झाकलेलंच हवं. आणि मुभा फक्त पिस्तुलाला आहे. रायफल, शॉटगन घेऊन वर्गात जाता येत नाही.

खासगी विद्यापीठांना विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत करून नकार देण्याची मुभा आहे. राइस, बेलर, सदर्न मेथडिस्ट, टेक्सास ख्रिश्चन यांनी तो दिला. सरकारी विद्यापीठाच्या अध्यक्षांना मात्र सरसकट बंदी घालता येत नाही. त्यांना 'वाजवी नियम' करता येतात, आणि संचालक मंडळाला ९० दिवसांत दोन तृतीयांश मतांनी ते बदलता येतात. खरी गंमत या वाजवी नियमांत आहे.

ऑस्टिनचंच घ्या. तिथल्या विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेगरी फेन्व्हस यांनी कायद्याचे प्राध्यापक स्टीव्हन गुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं वर्गांत बंदी सुचवली नाही. कारण सरळ होतं: विद्यापीठ वर्गांसाठीच असतं, आणि वर्ग वगळले तर ती सरसकट बंदीच झाली. विद्यापीठाच्या वसतिगृहांत बहुतेकांना बंदी ठेवली, पण भेटायला आलेल्या परवानाधारक पालकांना सूट दिली. धोकादायक रसायनांच्या प्रयोगशाळा वगळल्या. एकट्या प्राध्यापकाची खोली असेल तर ती वगळायचा अधिकार त्या प्राध्यापकाला, पण आत येणाऱ्याला त्यानं तोंडी सांगायला हवं. दोघांत एक खोली असेल तर हा अधिकार नाही. कॉलेज स्टेशनच्या टेक्सास ए अँड एममध्ये मात्र वसतिगृहातही परवाना चालतो. म्हणजे एकाच कायद्याखाली दोन विद्यापीठांतलं मुलाचं राहणं वेगळं ठरतं, हे जाण्यापूर्वी तपासा.

ऑस्टिनचा होल्स्टरचा, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाचा, नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ट्रिगर (घोडा) आणि ट्रिगर गार्ड (त्याभोवतीचं कडं) पूर्ण झाकेल, आणि हिसका बसला तरी पिस्तूल निसटणार नाही इतका ताण असेल, असंच होल्स्टर वापरायचं. अपघाती गोळ्या सुटतात त्या बहुधा ट्रिगरमध्ये काहीतरी अडकल्यानं: जॅकेटची दोरी, चावी, दप्तरातलं पेन. खिशात नुसतं टाकलेलं पिस्तूल म्हणून सर्वांत वाईट. सप्टेंबर २०१४ मध्ये आयडाहो स्टेट विद्यापीठात एका प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल वर्ग चालू असताना उडालं आणि गोळी त्याच्याच पायाला लागली. तिथला कायदा लागू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. टेक्सासमध्ये कायद्याच्या दुसऱ्याच महिन्यात टार्लटन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहात एका परवानाधारक विद्यार्थ्याच्या हातून गोळी सुटली. सुदैवानं कुणाला लागली नाही.

ऑस्टिनच्या समितीला आणखी एक नियम हवा होता: सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल (एक गोळी झाडली की पुढची आपोआप भरणारं) असेल तर चेंबरमध्ये, म्हणजे झाडायची गोळी बसते त्या नळीमागच्या खाचेत, गोळी नको. मॅगझिन, म्हणजे बाकीच्या गोळ्यांची पेटी, भरलेलं चालेल. चेंबर रिकामं असेल तर ट्रिगर दाबला गेला तरी गोळी सुटत नाही. विरोधकांचं म्हणणं, मग गोळी चेंबरमध्ये आणायला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायला दुसरा हात आणि हाताशी नसलेला वेळ लागतो, आणि स्वसंरक्षणाचा अर्थच उरत नाही. जुलै २०१६ मध्ये संचालक मंडळानं हा नियम काढून टाकला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण अपघात मोजायचे तर समितीचं पारडं जड होतं.

वगळलेल्या खोल्यांचा एक उलटा परिणाम आहे आणि त्याकडे क्वचितच लक्ष जातं. सकाळी वर्ग, दुपारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असेल, तर परवानाधारकानं पिस्तूल ठेवायचं कुठं? पिस्तूल अंगावर किंवा हाताच्या अंतरावरच असायला हवं. बॅग बाकावर सोडून पाणी प्यायला जाता येत नाही. मग उरते पार्किंगमधली कुलूपबंद गाडी. म्हणजे दिवसातून दोनदा ते होल्स्टरमधून काढा, गाडीत ठेवा, परत लावा. होल्स्टरमध्ये गप्प बसलेलं पिस्तूल त्या मानानं निरुपद्रवी. हाताळणी वाढली की धोका वाढतो.

बंदी असलेल्या दारावर पाटी कशी असावी, हेही कायद्यात आहे. टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ३०.०६: ठरलेला मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात, ठळक अक्षरं किमान एक इंच उंच. बंदुकीवर लाल फुली मारलेलं चित्र ही या कलमाखालची सूचना नव्हे.

विरोध झाला नाही असं नाही. टेक्सास विद्यापीठ-समूहाचे तेव्हाचे कुलपती विल्यम मॅकरेव्हन हे निवृत्त अॅडमिरल. त्यांनी विधेयकाला उघड विरोध केला होता. नोबेल विजेते स्टीव्हन वाइनबर्ग यांनी आपल्या वर्गात पिस्तूल येऊ देणार नाही असं जाहीर केलं. तीन प्राध्यापिकांनी खटला भरला: पिस्तुलाच्या धाकानं वर्गातली चर्चा आटते, हा अभिव्यक्तीवरचा घाला आहे. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयानं आणि २०१८ मध्ये पाचव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयानं तो फेटाळला. इतर कुणीतरी पुढे काय करेल या भीतीनं आपणच गप्प बसणं ही दाद मागण्याजोगी हानी ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ.

बाकी राज्यांची नुसती चुणूक. युटामध्ये २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाची बंदी मोडीत काढली. कॅन्ससनं २०१७ पासून इमारती खुल्या केल्या. अडवायचं तर प्रत्येक सार्वजनिक प्रवेशदारावर मेटल डिटेक्टर आणि सशस्त्र रक्षक हवा, म्हणजे ते खर्चात बसत नाही. टेनेसीत मुभा पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना, विद्यार्थ्यांना नाही. जॉर्जियात वर्गात शाळकरी विद्यार्थी नोंदवलेला असेल तर तिथं बंदी, आणि हे आधी रजिस्ट्रारकडे विचारून घेण्याची जबाबदारी बाळगणाऱ्याची. आपल्याकडे हा वादच उद्भवत नाही, कारण शस्त्रपरवान्याच्या अटींतच शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र नेऊ नये असं लिहिलेलं असतं.

आता आपल्या मुलांचा मुद्दा. एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी), एच-४ (एच-१बी वाल्याचे कुटुंबीय) हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम स्थायिक होण्यासाठी नसलेले, व्हिसा. फेडरल कायद्याचं कलम ९२२ म्हणतं की अशा व्यक्तीनं बंदूकच काय, काडतूससुद्धा ताब्यात ठेवू नये. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि शस्त्रगुन्ह्यासाठी देशाबाहेर काढलं जातं ते वेगळंच. राज्यानं कितीही मुभा दिली तरी ही बंदी कायम. अपवाद मोजके, त्यातला नेहमीचा म्हणजे मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. पण त्यावर विसंबून काही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं. मित्रांचं ऐकू नये.

'ताबा' हा शब्द नीट समजून घ्या. खरेदी लागत नाही, मालकी लागत नाही. शनिवारी मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल चालवलं तरी ताबा झाला. फ्लोरिडातला रेहैफ नावाचा विद्यार्थी असाच अडकला: अभ्यासात मागे पडल्यानं विद्यापीठानं काढलं, व्हिसाचा दर्जा गेला, आणि तो रेंजवर गेला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आपला दर्जा काय हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं. त्याची शिक्षा टिकली नाही, पण तोवर किती वर्षं गेली ते बघा. शिवाय वैध एफ-१ वर असलेल्याला "मला माझा व्हिसा माहीत नव्हता" असं म्हणता येत नाही.

रूममेटकडे पिस्तूल असेल तर ते त्याच्या खोलीत, त्याच्या तिजोरीत असावं आणि किल्ली किंवा कोड तुमच्याकडे नसावा. सामायिक कपाटात नको. त्याची गाडी चालवायला घेताना ग्लोव्ह बॉक्समध्ये काय आहे ते आधी विचारा. असेल तर त्यालाच काढायला सांगा, "दे, मी ठेवतो" म्हणू नका. आणि कॅम्पसवर कुणाचं पिस्तूल उघडं दिसलं, तर परवाना आहे का म्हणून त्याला विचारायला जाऊ नका. बाजूला व्हा आणि ९११ लावा. इमारतीचं नाव, मजला, कपड्यांचा रंग एवढं सांगा. परवाना तपासायचं काम पोलिसांचं आहे, आणि त्यांनी मागितला की दाखवणं त्या माणसाला बंधनकारक आहे.