नवा ब्लोअर, जुन्या वायरी

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी ही स्पोर्ट्स कार तयार होत असे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन, आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे धावलेल्या १४८९ सीसीच्या इंजिनाच्याच, म्हणजे बी-सिरीजच्या घराण्यातले. सुरुवातीच्या एमजीबीत हीटरसाठी वेगळे पैसे मोजावे लागत, आणि तो घेतला तरी काचेवर धरलेले बाष्प हटवण्यापुरता वारा जेमतेम मिळे. म्हणूनच या गाड्या जपणारे अनेक जण आज मूळ मोटर काढून तिथे जास्त ताकदीची मोटर आणि पिंजऱ्यासारखा गोल पंखा, म्हणजे नवा ब्लोअर, बसवतात.

तक्रारी त्यानंतर सुरू होतात. कुठे वारा पूर्वीइतकाच येतो, कुठे फ्यूज उडतो, तर कुठे ब्लोअर लावला की इंडिकेटरची उघडझाप मंदावते. अशा वेळी नव्या मोटरला दोष देण्याची घाई होते. पण बहुतेकदा ती मोटर निर्दोष असते आणि पन्नास वर्षांपूर्वी कमी करंटसाठी ओढलेला मार्ग तिला पुरेसे व्होल्टेज पोहोचवत नसतो.

पहिला प्रश्न अर्थचा, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या बॉडीला जोडले आहे याचा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. नव्या मोटरमध्ये कायमचुंबक असल्याने तिच्या वायरी उलट जोडल्या की ती उलटी फिरते. फसगत अशी, की पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी वारा त्याच बाजूने येतो, मात्र क्षीण येतो; त्यामुळे दिशा डोळ्यांनी पाहूनच खात्री करावी. मोटरची काळी वायर आतून तिच्या धातूच्या आवरणाला जोडलेली असेल, तर धन अर्थच्या गाडीत काळी वायर पुरवठ्याला जोडून मोटर बसवताच शॉर्ट होतो आणि फ्यूज जातो.

दिशा बरोबर असेल, तर मल्टिमीटर हाती घ्यावा आणि सर्व मोजमाप ब्लोअर चालू असतानाच करावे. करंट वाहत नसताना खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही, म्हणून ब्लोअर बंद ठेवून दिसलेले बारा व्होल्ट काहीच सिद्ध करत नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे असतात, त्यामुळे मोजमापासाठी एक लांब वायर सोबत लागते. मोटरच्या दोन टोकांवर नऊ-दहा व्होल्टच मिळाले, तर उरलेले वाटेत कुठे गेले ते टप्प्याटप्प्याने शोधायचे. फ्यूजच्या टोपीवर एक पिन आणि तिला धरणाऱ्या पितळी पकडीवर दुसरी ठेवावी. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. पकड काळवंडून तिथे अवघा ०.२ ओहम रोध तयार झाला असेल, आणि मोटर १० अँपिअर घेत असेल, तर त्या एकाच जागी २ व्होल्ट हरवतात आणि २० वॉट उष्णता साचते. पकडीजवळचे प्लास्टिक पिवळे पडून वाकलेले दिसते, ते यामुळेच.

लक्षणेही वाट दाखवतात. ब्लोअर, इंडिकेटर, वायपर आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजमधून निघालेल्या हिरव्या वायरींवर चालतात. ब्लोअरसोबत इंडिकेटरही मंदावत असेल, तर दोष फ्यूजपाशी किंवा त्याच्या अलीकडे आहे. फक्त ब्लोअरच कमकुवत असेल, तर स्विच, वायरी जोडणारे मधले बुलेट कनेक्टर आणि बॉडीला बोल्टने कसलेली काळी वायर तपासावी. त्या बोल्टखालचा रंग नि गंज खरवडून चकचकीत पत्रा काढणे हे काम अर्ध्या तासाचे, पण अनेकदा तेवढ्यानेच वारा सुधारतो.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे मात्र धोक्याचे आहे. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवरचे ३५ अँपिअर हे तो वितळण्याचे माप असते. सतत वाहण्याची त्याची मर्यादा साधारण निम्मी, १७ अँपिअर असते. सतत ३५ अँपिअर वाहू देणारा फ्यूज त्याच जागी बसवला, तर फ्यूजच्या आधी वायर जळते.

टिकाऊ उपाय रिलेचा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. तपकिरी, कायम जिवंत वायरवरून स्वतंत्र १५ अँपिअरच्या फ्यूजमार्फत पुरेशा जाड वायरने मोटरला करंट द्यावा, आणि जुन्या स्विचने फक्त रिलेचे कॉइल चालवावे. कॉइलला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो, त्यामुळे जुन्या स्विचवरचा ताण जवळजवळ नाहीसा होतो. धन अर्थच्या गाडीत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसलेला साधा रिले घेणे सुरक्षित.

इतके करूनही डायनॅमोची, म्हणजे इंजिनाने फिरून वीज देणाऱ्या यंत्राची, मर्यादा राहते. सुरुवातीच्या गाड्यांतला लुकास सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि इंजिन आयडलवर असताना जवळजवळ काहीच देत नाही. पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर आणि इग्निशन मिळून १५ अँपिअरच्या आसपास घेतात. त्यात १० अँपिअरचा ब्लोअर मिळवला की तूट बॅटरीला भरून काढावी लागते. म्हणून अशा गाडीसाठी ५-६ अँपिअरची मोटर निवडणे आम्हाला योग्य वाटते. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असलेल्या १९६७ नंतरच्या गाड्यांना मोठी मोटर सहज पेलते.