अधिकारक्षेत्र बदलतं, तेव्हा खर्च कोण सोसतो?

मित्रहो, कोणती केस कोणत्या कोर्टात चालायची हा प्रश्न पुस्तकात फार कोरडा दिसतो. पण चालू केसेसचं कोर्ट मध्येच बदललं की त्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो, आणि तो आधी कोणीही मोजलेला नसतो. आज मी एकच उदाहरण घेणार आहे, कारण या सभागृहातल्या बऱ्याच वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी ते जवळून पाहिलं आहे. चेक न वटल्याच्या तक्रारी, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खालच्या, आपल्या १३८च्या केसेस.

१९९९ सालच्या के. भास्करन खटल्यापासून नियम सैल होता. चेक दिला कुठे, बँकेत भरला कुठे, परत आला कुठून, नोटीस कुठून गेली, पैसे कुठे थकले, यांपैकी कुठल्याही ठिकाणी तक्रार करता येत असे. त्याचा गैरवापर झाला, हे मान्यच केलं पाहिजे. काही मोठ्या कंपन्या मुद्दाम दूरच्या ऑफिसातून नोटीस पाठवायच्या आणि छोट्या दुकानदाराला हजार किलोमीटरवर तारखेला बोलवायच्या. हे थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०१४ रोजी दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात निकाल दिला: चेक देणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्याच कोर्टात तक्रार चालेल. तोच नियम प्रलंबित तक्रारींनाही लागू झाला. ज्या केसेसमध्ये आरोपी हजर होऊन त्याच कायद्याच्या कलम १४५(२) खालचा पुरावा, म्हणजे प्रतिज्ञापत्र देणाऱ्याची कोर्टात तपासणी, सुरू झाला होता, तेवढ्या वाचल्या. बाकीच्या तक्रारदाराला परत करायच्या आणि त्याने ३० दिवसांत योग्य कोर्टात दाखल करायच्या, म्हणजे त्या मुदतीत धरल्या जातील.

आता हे ‘परत करणं’ टेबलावर कसं होतं ते पाहा. समजा इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याने अहमदाबादच्या पेढीला उधारीवर कापड दिलं आणि चेक परत आला. दोन वर्षं तारखा पडल्या, समन्स पोचेना म्हणून वॉरंट निघालं, आरोपी एकदाचा सापडायच्या बेतात आला. तेवढ्यात कोर्टाने आदेश केला. क्लार्क फाइल सोडवतो. मूळ चेक, तो परत केल्याचा बँकेचा मेमो, नोटीस, पोस्टाची पावती आणि पोच बाहेर निघतात, त्यांच्या जागी नकला लागतात, तक्रारीवर शेरा मारला जातो आणि ते पुडकं यंत्रमागवाल्याच्या हातात येतं. त्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. तेवढ्यात त्याने परक्या शहरात वकील शोधायचा, नवं वकीलपत्र द्यायचं, मराठी कागदांची भाषांतरं करून घ्यायची आणि शपथेवर जबाब द्यायला स्वतः जायचं. समन्सपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून. थकलेली रक्कम चाळीस-पन्नास हजार असेल तर माणूस काय करेल? तो कागद कपाटात ठेवून देईल. असं सोडून दिलेलं येणं कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही, आणि मला सर्वात जास्त सलतं ते हेच.

खंडपीठाला या परिणामाची कल्पना नव्हती असं नाही. देशभरातल्या कदाचित लाखो प्रकरणांवर याचा परिणाम होईल, हे निकालपत्रातच म्हटलं आहे. निकाल फक्त पुढच्या केसेसना लावावा का, याचाही विचार झाला आणि आरोपींना सोसावा लागणारा लांबचा प्रवास पाहून तो पर्याय नाकारला गेला. आरोपींबद्दलची ही काळजी रास्तच होती. पण प्रवास संपला नाही, त्याचा भार फक्त एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला. लगेच पळवाटांचा शोधही सुरू झाला. २५ ऑगस्टलाच मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की चेक ‘ॲट पार’, म्हणजे त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत वटणारा, असेल आणि स्थानिक शाखेने परत केला असेल, तर तिथलं कोर्टही चालेल. महिनाभरही झाला नव्हता.

पुढचं तर आपल्याला माहीतच आहे. १५ जून २०१५ रोजी वटहुकूम आला, नंतर त्याचा कायदा झाला. कलम १४२(२) नुसार, तक्रारदाराने आपल्या खात्यात चेक भरला असेल, तर ते खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. म्हणजे इचलकरंजीचं पुडकं अहमदाबादला जाऊन पुन्हा इचलकरंजीला. साडेदहा महिन्यांत दोन बदल. मात्र या वेळी कलम १४२अ ने एक शहाणपणाची गोष्ट केली. केस परत न करता वर्ग करायची व्यवस्था ठेवली, म्हणजे कागद एका कोर्टाकडून दुसऱ्या कोर्टाकडे जाणार, पक्षकाराने नव्याने दाखल करायची गरज नाही. तरी यादी करणं, रेकॉर्ड पाठवणं, नवा नंबर पाडणं आणि दोन्ही पक्षांना कळवणं हे काम उरतंच. ते त्याच तीन-चार कर्मचाऱ्यांवर पडलं, ज्यांच्यापुढे रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, होताच.

३१ डिसेंबर २०१९ रोजी देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी केसेसपैकी ३५.१६ लाख १३८च्या होत्या. हा सगळा ढीग अधिकारक्षेत्राच्या फेरबदलाने झाला, असं मी म्हणणार नाही. समन्स न बजावलं जाणं हे त्याचं जुनं दुखणं आहे. पण ज्या यंत्रणेला समन्स बजावता येत नाही, तिच्याकडून आपण तीच समन्स नव्या कोर्टातून पुन्हा काढून घेतली.

सेलम बार असोसिएशनच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच सुचवलं होतं की नवा कायदा करताना कोर्टांवर किती बोजा पडेल याचा अंदाज आधी घ्यावा. न्या. जगन्नाथ राव समितीने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. विधेयकाला निदान वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज देणारं टिपण, तरी जोडलेलं असतं. निकालपत्राला तेही नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की अधिकारक्षेत्र बदलायचंच असेल, मग ते निकालाने असो की कायद्याने, तर चालू केसेस आहेत तिथेच संपू द्याव्यात. ते अगदीच शक्य नसेल तर त्या वर्ग कराव्यात आणि वर्ग करायला लागणारी माणसं आधी मंजूर करून घ्यावीत. तालुक्याला नवं कोर्ट मिळालं, म्हणजे तिथलंही अधिकारक्षेत्र बदललं, की आपण फटाके वाजवतो, सत्कार करतो. त्याच आठवड्यात बार असोसिएशनने लेखी विचारलं पाहिजे: किती फाइल्स येणार, त्या कोण आणणार, आणि पक्षकाराला पुढची तारीख कोण कळवणार?